अकराची डाक

२२ ऑगस्ट १९६५, रविवार

दादा आज गेला. दुर्ग स्टेशनावर गाडी सुटता सुटता त्याने ही वही माझ्या हातात कोंबली. म्हणाला, "रोज मराठीत लिव. हिंदी शाळेत शिकून मराठी विसरलीस तं माझी पत्रं मायले कोन वाचून दाखवीन?" मी म्हटलं, मी विसरणाऱ्यातली नाही. तो हसला आणि माझी वेणी ओढली. चौदा वर्षांच्या मुलीची वेणी सगळ्या प्लॅटफॉर्मसमोर ओढतात का, पण त्याला काही वाटत नाही.

त्याची बारा दिवसांची रजा अजून बाकी होती. तार आली, बोलावून घेतलं.

वही पहिल्यांदाच लिहिते आहे म्हणून रीतसर लिहिते. मी कौशल्या मारोतराव लांजेवार, आठवीत, म्हणजे मिडल बोर्डाच्या वर्षात. दादाचं नाव देवीदास, तो फौजेत आहे. आम्ही मूळचे तुमसरकडचे. बाबा भिलाईच्या पोलाद कारखान्यात कोक ओव्हनला, म्हणजे कोळशाच्या भट्टीवर आहेत. आधी मजुरांच्या कॅम्पात राहायचो, गेल्या वर्षी सेक्टर सहामध्ये क्वार्टर मिळालं. बाबांना सहीपुरतं येतं, आईला तेवढंही नाही. घरात वाचणारी मी एकटी. हे मी गर्वाने लिहीत नाही, पण थोडा गर्व आहे.

आई प्लॅटफॉर्मवर रडली नाही. घरी आल्यावर दादाची धुतलेली बनियन दोरीवर राहून गेलेली दिसली, तेव्हा रडली.

७ सप्टेंबर, मंगळवार

लढाई लागली. शेजारच्या नायर काकूंच्या रेडिओसमोर कालपासून क्वार्टरांची सगळी लाइन उभी आहे. बातम्या हिंदीत असल्या तर मी नायर काकूंना समजावते, इंग्रजीत असल्या तर त्या मला. आईला मी सगळं सांगत नाही, निवडून सांगते.

खिडक्यांना काळे कागद लावायला सांगितलेत. बाबा कागद चिकटवता चिकटवता म्हणाले, "खिडकीले आपन लावून राहिलो, भट्टीले कोन लावीन?"

शाळेत सिंधू बहनजींनी प्रार्थनेनंतर जवानांसाठी मोजे विणायला लोकर वाटली. त्या आम्हाला गणित शिकवतात. नागपूरच्या आहेत, त्यांचे यजमान दुर्गला रेल्वेत. वर्गात हिंदी बोलतात, पण व्हरांड्यात मी एकटी सापडले की मराठीत विचारतात, "भावाचं पत्र आलं का ग?" माझ्या बाकावरच्या रंभाने आज एक टाकासुद्धा घातला नाही. तिचं ज्याच्याशी जमलंय तोही फौजेतच आहे. मी तिच्या वाट्याचंही विणलं आणि दोन्ही मोजे वेगवेगळ्या मापाचे झाले.

११ सप्टेंबर, शनिवार

आज शाळेत गेले नाही. तसं काही झालं नव्हतं. दप्तर भरून निघाले तर आई दारात उभी.

"आजच्या दिवस राह्य वो, पोरी."

"कावून?"

"डाक अकराले येते. तू येतेस पाच वाजता. आलं पत्र तं मी तेवढा येळ काय करू?"

मी म्हटलं, डाकिया वाचून दाखवेल, नायर काकूंचा मुलगा दाखवेल. आई म्हणाली, डाकियाला मराठी धड वाचता येत नाही आणि नायर काकूंच्या मुलासमोर तिला रडता येणार नाही. मी दप्तर खुंटीला लावलं.

पत्र आलं नाही. डाकिया बळीराम दुरूनच हात हलवून म्हणाला, "आज नइ हे, नोनी." म्हणजे आज नाही, पोरी. आई तरी पण त्याची सायकल वळेपर्यंत उभी होती.

१८ सप्टेंबर, शनिवार

या आठवड्यात चार दिवस घरी. पण आज पत्र आलं.

फौजेतल्या पत्रावर गावाचं नाव नसतं, नुसते नंबर. आत दादाचं ते अक्षर. त्याच्या ओळी वरून सुरू होतात आणि उजवीकडे उतरत उतरत जातात, शेवटचा शब्द पुढच्या ओळीवर जाऊन बसतो. लहानपणी मास्तरांनी यासाठी त्याला छड्या मारल्या होत्या. आई म्हणते, पाय दुखत असतील तसं चालते त्याचं लिवनं. पत्रात विशेष काही नव्हतं. बरा आहे, काळजी करू नका, कौशीला अभ्यास करायला लावा.

आईने तीनदा वाचायला लावलं. तिसऱ्यांदा तिचे ओठ माझ्याबरोबर हलत होते. मला वाटलं, आज घरी होते ते किती बरं झालं. शाळेत काय, अपूर्णांक तर उद्याही असतील.

२३ सप्टेंबर, गुरुवार

लढाई थांबली. सकाळीच रेडिओवर सांगितलं. बाबा पहिल्या पाळीहून आले ते पेढे घेऊन. आईने देवापुढे ठेवले आणि पहिला माझ्या तोंडात घातला. म्हणाली, "आता तू जाय शाळेत. लय झालं माह्यापायी."

सिंधू बहनजींनी हजेरी घेताना माझ्या नावावर थांबून पाहिलं. हजर म्हटल्यावर हसल्या. समीकरणं सुरू झालीत. मला काहीही कळलं नाही, पण मी मान हलवत राहिले.

४ ऑक्टोबर, सोमवार

काय लिहू. कुठून लिहू.

दसऱ्याची सुट्टी आहे म्हणून घरी होते. अकराला पत्र आलं. आई हात पुसत येऊन बसली. मी फोडलं आणि वाचायला लागले, "सौ. आईस व ती. बाबांस साष्टांग नमस्कार," आणि पुढची ओळ डोळ्यांनी आधी वाचली म्हणून वाचले. "कौशी, आई जवळ असेल तर यापुढचं मोठ्याने वाचू नकोस."

दादाचा उजवा हात कोपरापासून काढला आहे. पुण्याच्या लष्करी दवाखान्यात आहे. हे पत्र शेजारच्या खाटेवरच्या जवानाने लिहिलं, दादाने सांगितलं तसं. बाकी सगळं शाबूत आहे म्हणतो. "आईबाबांना कळू देऊ नकोस, ते मीच समोर येऊन सांगेन. दोन-तीन महिने लागतील. एक तार गेलेली आहे, पण माझ्या कागदांवर आपला कॅम्पातला जुना पत्ता राहून गेला. ती फिरत फिरत केव्हाही घरी येईल. तू आधी धर. तू शहाणी आहेस."

आई माझ्या तोंडाकडे पाहत होती. मी वाचायला लागले. काय वाचलं ते आता आठवतंही नाही. मजेत आहे. आम्हाला दुसऱ्या गावी हलवलं. इथलं वरण पातळ असतं. कौशीने उगाच खोड्या करू नयेत.

"एवढंच?" आई म्हणाली. "पत्र तं मोठं दिसते."

"अक्षर मोठं काढलंय यावेळी."

आईने पत्र मागितलं. खूप वेळ धरून बसली. मग घडी करून तांदळाच्या डब्यात, जुन्या पत्रांवर ठेवलं. म्हणाली, "मजेत हाये ना. बस्स." आणि भाजी चिरायला गेली.

मी मोरीत जाऊन नळ सोडला आणि रडले. नळाच्या आवाजात काही ऐकू जात नाही.

५ ऑक्टोबर, मंगळवार

दसरा. आईने दादाच्या नावाचं सोनं देवापाशी ठेवलं. मी आज देवाशी बोलले नाही.

११ ऑक्टोबर, सोमवार

शाळा उघडली. मी गेले नाही. पोट दुखतंय म्हणून सांगितलं. आईने ओवा दिला, चावून चावून तोंड पोळलं.

नीट विचार केलाय. डाक अकराला येते. तार तर केव्हाही. मी शाळेत असताना तार आली तर आई ती नायर काकूंकडे नेईल, त्या इंग्रजी वाचतात. पत्र आलं तर कोणालाही दाखवेल. मग दादाला दिलेला शब्द गेला आणि आईचं काय होईल ते मला मनातही आणवत नाही. तेव्हा दादा येईपर्यंत दारात मीच पाहिजे. दोन-तीन महिने म्हणजे फार नाही. बोर्डाची परीक्षा एप्रिलात आहे.

गंमत म्हणजे आता आईच म्हणत होती, जाय, जाय. आणि मीच जात नव्हते.

१६ ऑक्टोबर, शनिवार

सोमवारी पोट, बुधवारी डोकं, काल पाय मुरगळला. आज कारण सांगायच्या आधीच आई म्हणाली, "राह्य घरी." तिने विचारलंच नाही काय दुखतंय.

पण मला आईची काळजी वाटते. परवा ती तांदूळ निवडत होती आणि डोळे मिटलेले. मी म्हटलं, झोपलीस का. तर म्हणाली, नाई, पाहून राहिली खडे बोटाले लागते का. काल नळावरून घरापर्यंत घागर घेऊन आली तीही डोळे मिटून, भिंतीला हात लावत. आणि आज पोळ्या डाव्या हाताने लाटत होती. पोळीचा नकाशा झाला. बाबांच्या पायजम्याची नाडीसुद्धा एका हाताने ओवत बसली होती, दाताने धरून. मला वाटतं तिचे डोळे गेले असावेत आणि उजवा खांदा भरला असावा. बाबांना सांगितलं की आईला डोळ्यांच्या डॉक्टरकडे न्या. बाबा म्हणाले, "चष्मा लागला असन. नेतो पगार झाल्यावर."

घरात एकाला झालंय ते पुरे नाही का.

२१ ऑक्टोबर, गुरुवार

रंभाचं लग्न झालं. तिच्या नवऱ्याला दहा दिवसांची रजा मिळाली. तुळशीचं लग्न व्हायच्या आधी आपल्यात कोणी लग्न लावत नाही, पण रंभाची आई म्हणाली, फौजेतला साहेब पंचांग पाहून रजा देते का. भटजींनीही काही काढलं शोधून.

मांडवात रंभाने मला कानात विचारलं, "समीकरणं कुठपर्यंत आली?" मी म्हटलं, मला काय माहीत. ती म्हणाली, "तू तर जात असशील." ती पिवळ्या साडीत खूप छान दिसत होती आणि तिने तिची भूमितीची पेटी मला देऊन टाकली. तिच्या सासूने विचारलं, ही कोण, शिकते का. आई म्हणाली, "शिकते तं." मला इतकं लाजल्यासारखं झालं की मी पाणी वाढायला पळाले.

२५ ऑक्टोबर, सोमवार

दिवाळी काल झाली. आज पत्र. तोच अनोळखी हात. जखम भरत आली आहे, तो चमच्याने डाव्या हाताने जेवायला शिकतो आहे, आणि तार पोचली का विचारतो. ती अजून आलेली नाही. मी वाचलं, कवायत जोरात चालू आहे, दिवाळीला लाडू मिळाले. आता मला हे जमायला लागलंय. आईला बरं वाटावं म्हणून एक विनोदही घातला, लाडू इतका कडक होता की बंदुकीत भरला असता. आई हसली.

मग म्हणाली, "उत्तर लिव. त्याले इचार, सकाई उठून काय काय दिसते तुले? झाडं दिसते का, डोंगर दिसते का? काय दिसते ते सगळं लिव म्हना. आन जेवतो का पोटभर, आपल्या हातानं?"

आईचे प्रश्न असेच असतात. फौजेतला माणूस काय दुसऱ्याच्या हाताने जेवणार? तरी तिने सांगितलं तसंच लिहिलं. खाली माझ्याकडून बारीक अक्षरात लिहिलं की सगळं सांभाळते आहे, तू काळजी करू नकोस. शाळेचं काही लिहिलं नाही.

३ नोव्हेंबर, बुधवार

बाबांच्या लक्षात आलं. आज दुपारच्या पाळीला निघताना त्यांनी विचारलं, "तू शाळेत नाई जाऊन राहिली का?"

आई म्हणाली, "राहू द्या. मले बरं वाटते ते असली तं."

बाबा सायकल धरून उभे राहिले. म्हणाले, "बरं. दिवसही असेच हायेत. देवीदास येईपर्यंत राह्य मायजवळ. पुढच्या वर्षी बसजो आठवीत." आणि माझ्या डोक्यावर हात ठेवून गेले. कोणी रागावलं नाही. रागावले असते तर मी भांडले असते, मला भांडता येतं. हे असं प्रेमाने पुढच्या वर्षावर टाकलं की काय करायचं. रंभाची पेटी काढून कंपासने वहीत वर्तुळं काढत बसले.

१० नोव्हेंबर, बुधवार

सिंधू बहनजी घरी आल्या. खिडकीतून दिसल्या तशी मी मागच्या अंगणात कोळशाच्या ढिगाआड जाऊन बसले. इतका भित्रेपणा मी आयुष्यात केला नव्हता. सगळं ऐकू येत होतं.

बहनजी म्हणाल्या, "आमच्या वर्गातून लढाई लागल्यापासून सहा मुली गेल्या. एकीचं लग्न झालं. एकीचा बाप डबल ड्यूटी करतो, लहान भाऊ सांभाळायला ती घरी. एकीच्या घरच्यांना भीती वाटते म्हणून तिला गावी पाठवली. बॉम्ब भिलाईवर एकही पडला नाही, आणि माझे तीन बाक रिकामे झाले. कौशल्याचं काय कारण लिहू?"

आईने पाण्याचा पेला पुढे ठेवल्याचा आवाज आला.

"सोमवारी पंधरा तारीख आहे," बहनजी म्हणाल्या. "त्या दिवसापर्यंत आली नाही तर नाव कटेल. मग बोर्डाला बसता येणार नाही. आणि भागाबाई, मी तुम्हाला खरं सांगते. पुढच्या वर्षी म्हणून घरी राहिलेली पोरगी परत आलेली मी अजून पाहिली नाही."

बहनजी गेल्यावर मी हात धुऊन आत गेले. कोळशाचे हात लपले नाहीत. आईने पाहिलं आणि साबण पुढे केला. माझं नाव कटणार. लिहून पाहिलं की कसं वाटतं ते कळतं. फार वाईट वाटतं.

११ नोव्हेंबर, गुरुवार

आज जे झालं ते सगळं लिहून ठेवते.

बाबा कामावर गेले. आईने दार लावून घेतलं, मला समोर बसवलं आणि तांदळाच्या डब्यातली पत्रं काढून दोन ढीग केले. एका ढिगात दादाची जुनी पत्रं. दुसऱ्यात शेवटची दोन.

"हे त्यानं लिवलं," ती म्हणाली. "आन हे त्यानं नाई लिवलं."

मी म्हटलं, तुला काय माहीत, तुला तर वाचता येत नाही.

"वाचता येत नाई, पन दिसते ना बाई. त्याच्या ओळी खाली उतरते. ह्या पाह्य कशा सरळ हायेत, रांगेत उभ्या केल्यासारख्या. मले दसऱ्याच्या आदल्या दिवशीच समजलं. तू वाचत होतीस मजेत हाये, मजेत हाये. मजेत असता तं आपल्या हातानं लिवलं असतं." तिने दोन्ही हातांनी माझा चेहरा धरला. तिचे हात गार होते. "आता खोटं नको सांगू. मले एकच सांग. त्याचा हात गेला का डोळे गेले?"

आई वाट पाहत होती. मी म्हटलं, "हात. उजवा. कोपरापासून."

"डोळे हायेत?"

"आहेत."

"दोन्ही?"

"दोन्ही आहेत ग आई."

आई हसायला लागली आणि हसता हसता रडायला लागली. "डोळे हायेत," म्हणाली. "हातच गेला. हातच. अरे देवा, हातच." मी तिला धरून बसले. अडतीस दिवस ती रोज दोन्ही गोष्टी करून पाहत होती. डोळे मिटून चालता येतं का, एका हाताने लाटता येतं का. आणि मी तिला चष्मा लावायला निघाले होते. मी स्वतःला फार शहाणी समजत होते.

"मला विचारलं का नाहीस?"

"तू इतक्या मनापासून वाचत होतीस. तुले वाटत होतं मले बरं वाटते. मंग मी बरं वाटून घेत होती."

"आणि बाबांना?"

"त्याईले दिवसभर आगीपुढं उभं राहा लागते. तिथं ध्यान ठिकानावर पाह्यजे." मग पदराने माझं नाक पुसलं, मी काही लहान नाही तरी. "मले वाटे, पोरगी घरी राहून राहिली ते मले एकटं सोडवत नाई म्हनून. मलेही बरं वाटे. म्हनून मी जोर नाई केला. तुही शाळा मी खाल्ली, बाई."

मी म्हटलं, तू नाही, मीच. थोडा वेळ आम्ही दोघी त्यावरूनच भांडलो.

मग मी तिला दोन्ही पत्रं खरी वाचून दाखवली, पहिल्या शब्दापासून. ती रडली नाही. डाव्या हाताने चमच्याने जेवतो तिथे मला थांबवलं आणि ते वाक्य पुन्हा वाचायला लावलं.

संध्याकाळी बाबांना तिनेच सांगितलं. बाबा खांद्यावरचा टॉवेल तोंडावर धरून बसले. मग म्हणाले, "जिता हाये ना. मंग मी पुन्याले जातो." रविवारी निघणार आहेत.

१५ नोव्हेंबर, सोमवार

आई माझ्याबरोबर शाळेत आली. आयुष्यात पहिल्यांदा. फाटकापाशी चप्पल काढायला लागली, मी म्हटलं देऊळ नाही हे. तरी वर्गाच्या बाहेर तिने काढलीच.

सिंधू बहनजींनी रजिस्टर उघडलं. म्हणाल्या, पालकाचा अर्ज लागतो, गैरहजेरीच्या कारणासकट. "बीमारी लिहून टाक. सगळ्या तेच लिहितात."

आई म्हणाली, "बिमार नव्हती ते. मी सांगतो तसं लिव."

मी आईचं हिंदीत लिहीत गेले. माझी मुलगी लढाईमुळे शाळेत आली नाही. तिचा भाऊ लढाईवर जखमी झाला. घरात वाचणारी ती एकटी, म्हणून तिला मी घरी राहू दिलं. चूक माझी आहे, तिची नाही. आता डाक कितीही वाजता आली तरी ती पाच वाजता वाचेल. खाली आईने अंगठा दिला.

बहनजींनी अर्ज दोनदा वाचला. मग चष्मा काढून पुसला, घातला आणि माझ्या नावापुढे हजर लिहिलं. आई रजिस्टरवर वाकून पाहत होती. बोट ठेवून म्हणाली, "ह्या लाल रेघा कशाच्या?"

"नाव कटलेल्या मुली. ही रंभा."

"रंभासाठी कोनी आलं असतं तं?"

"तर रेघ नसती मारली," बहनजी म्हणाल्या.

आई आणखी काही विचारेल असं वाटलं, पण तिने चपला घातल्या आणि निघाली. फाटकापर्यंत एकदाही मागे वळली नाही. मी मात्र खिडकीतून पाहत होते, म्हणून पहिलाच प्रश्न मला विचारला गेला आणि तो चुकला.

१९ नोव्हेंबर, शुक्रवार

पाच दिवस सलग शाळा. मी वर्गात सगळ्यात मागे आहे. बहनजी मधल्या सुट्टीत थांबवून घेतात, डबा खाता खाता समीकरणं. अकराची घंटा झाली की माझं लक्ष जातं. खिडकीतून रस्ता दिसत नाही, तरी मी पाहते.

आज घरी आले तर आई ओट्यावर बसलेली आणि मांडीवर पत्र. न फोडलेलं. बाबा रविवारी पुण्याला गेले त्यानंतरचं पहिलंच. म्हणजे बाबा पोचले का, दादा कसा आहे, सगळं त्यातच. पाकिटाच्या कडा हातात धरून धरून मऊ झाल्या होत्या. नायर काकू आपल्या दारातून म्हणाल्या, मैंने कहा मेरे लड़के से पढ़वा लो, सुबह से ऐसे ही बैठी है, चाय भी नहीं पी.

मी दप्तर खांद्यावरच ठेवून हात पुढे केला. "दे, आई, लवकर दे."

"थांब. आंदी बस." तिने सरकून मला जागा दिली. तिचे डोळे सुजलेले होते, पण आवाज रोजचाच होता. "आज शाळेत काय शिकवलं ते सांग."

"आई, पत्र."

"सांग म्हनतो ना मी."

तेव्हा मी तिला सांगितलं. की एक संख्या माहीत नसते, तिला क्ष म्हणायचं. दोन्ही बाजू बरोबर ठेवायच्या, इकडून काही काढलं तर तिकडूनही काढायचं, आणि असं करत करत ती सापडते. आईला त्यातलं काय कळलं कोण जाणे, पण ती मधे बोलली नाही, घाईही केली नाही. माझं सांगून झालं तेव्हा तिने विचारलं, "तुले आलं का सोडवता?"

मी म्हटलं, आज एक आलं.

"मंग वाच आता," ती म्हणाली आणि पत्र माझ्या हातात दिलं.